फोनला समास नसतो

(विदर्भातल्या स्त्री-गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)

पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, 'मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना माहिती प्रणाली शिकवताना'. तो वाचून दोघीतिघींनी मला विचारलंच की तू समाजकार्य शिकलेली, भामरागडात काम करणारी, एम.बी.ए.च्या पोरांमध्ये तुझं काय काम? आणि असलं तरी ते आमच्या शिबिरात कशाला? प्रश्न रास्त आहे.

गेली चार वर्षं विदर्भातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात मी वर्षाला तीन तास घ्यायला जाते. त्यांना माहिती प्रणालीवर एक पेपर असतो. त्यात एक धडा असा की कॉम्प्युटरवर आधारलेली माहितीची व्यवस्था आली की संस्थेवर काय परिणाम होतात. पुस्तकातली उदाहरणं विमान कंपन्यांची, बँकांची, परदेशातल्या मोठ्या दुकानांची. तिथल्या प्राध्यापकांना इकडचं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, येते, पण उदाहरण अंगणवाडीचं असेल. वर्गात पहिल्या दिवशी हशा होतो. मग मी विचारते, देशात सगळ्यात जास्त शाखा कुणाच्या? पोरं बँकांची नावं घेतात. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि आज तिची तेरा लाखांहून जास्त केंद्रं आहेत. कुठलीही बँक जवळपासही नाही. आणि ही एवढी मोठी संस्था रोज सकाळी उघडतात त्या सगळ्या बाया. हशा थांबतो.

तुम्हाला सांगायचं कारण वेगळं आहे. या मुलामुलींपैकी काही जण पाच वर्षांनी सल्लागार कंपन्यांत असतील, सरकारी खात्यांसाठी ॲप आणि डॅशबोर्ड करणाऱ्या कंपन्यांत असतील. आपण गावात बसून जो फॉर्म भरतो, त्यात कुठला रकाना असावा आणि कुठला नसावा हे ठरवणारा हात याच वर्गातल्या बाकांवर असतो. आपण मोर्चा नेतो तहसीलवर, जिल्हा परिषदेवर. तिथला माणूस म्हणतो, "ताई, सिस्टीममध्ये तसं ऑप्शनच नाही." तो खोटं बोलत नसतो. ऑप्शन कुठे ठरलं, कुणी ठरवलं, हे त्यालाही ठाऊक नसतं. मला वाटतं आपण तिथवर पोचायला हवं.

पुस्तक काय म्हणतं ते आधी सांगते, कारण ते टाकाऊ नाही. 1958 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेविट आणि व्हिस्लर या दोघांचा एक लेख आला. 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' हा शब्द चालू झाला तो तिथून. त्यांचं भाकीत होतं की यंत्रं आली की मधल्या अधिकाऱ्यांचं महत्त्व घटेल आणि निर्णय वर, टोकाला एकवटतील. पुढे उलटा सूर लागला. माहिती सगळ्यांच्या हाती आली की उतरंड सपाट होते, खालच्या माणसाला अधिकार मिळतो, असं म्हणू लागले. मुलं पाठ करून येतात ते हे दुसरं. याच लेविटचा 1965 चा चौकोन मी फळ्यावर काढते. काम, माणसं, रचना, तंत्र. एक कोपरा ओढला की बाकीचे तीन जागेवर राहत नाहीत. आणि मग शोशाना झुबॉफ या बाईंचं 1988 चं पुस्तक सांगते. त्यांनी कागदाचा लगदा करणाऱ्या गिरण्यांमधल्या कामगारांचं काम जवळून पाहिलं. जे काम पूर्वी हाताच्या स्पर्शाने, वासाने, आवाजाने समजायचं ते आता पडद्यावरच्या आकड्यांतून समजून घ्यावं लागत होतं. त्यांचं म्हणणं असं, की हे यंत्र नुसतं काम करत नाही, ते कामाबद्दलची माहितीही तयार करतं. ती माहिती काम करणारीच्या हातात द्यायची, म्हणजे ती त्यातून शिकेल, की वरच्याच्या हातात द्यायची, म्हणजे तो नजर ठेवील, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसं ठरवतात. माझे तिन्ही तास या एका वाक्यावर उभे आहेत.

आता भामरागड. वर्धा-अमरावतीच्या ज्या मैत्रिणी तिकडे आलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. 1982 साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, त्याच्या अगदी कडेला छत्तीसगडला लागून हा तालुका आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या इथे मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की आलापल्लीचा रस्ता तुटतो आणि खुद्द तालुक्याचं ठिकाण जगापासून वेगळं पडतं. बाहेरच्यांना माहीत असतं ते शेजारचं हेमलकसा, 1973 पासूनच्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे. वस्ती बहुतेक माडिया गोंडांची. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेले जे तीन आदिवासी समाज आहेत, त्यातला हा एक. दुसरे दोन कोलाम आणि कातकरी.

इथली सेविका आयांशी माडियात बोलते, पर्यवेक्षिकेशी मराठीत बोलते. 1 मार्च 2021 ला केंद्र सरकारचा पोषण ट्रॅकर आला, तो सुरुवातीला तिच्याशी इंग्रजीत बोलत होता. पुढे त्यात मराठी आली. माडिया ही संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली भाषा नाही, त्यामुळे सरकारी पडद्यावर ती आपोआप येत नसते.

त्याआधी रजिस्टरं होती. अकरा रजिस्टरं. त्यांचं ओझं होतंच, कुणी त्यांची आरती ओवाळू नये. पण त्या रजिस्टरांना समास होता. मी जुनी रजिस्टरं चाळते तेव्हा छापील रकाने सोडून आधी समास वाचते. 'आई मिरचीला गेली'. म्हणजे दक्षिण गडचिरोलीतून बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात, ते. 'लेकरू आजीकडे, दुसऱ्या गावात'. 'तेंदूवर'. 'नदी भरली'. 'वजनकाटा बिघडला, अंदाजे'. हा 'अंदाजे' शब्द मला फार आवडतो. त्यात एक बाई वरच्याला सांगते आहे, की हा आकडा मी दिला आहे, पण याच्यावर फार विसंबू नका. असं सांगायची सोय फोनमध्ये नाही. फोनमध्ये आकडा टाकला की तो खराच होतो.

एका सेविकेने मला एकदा सांगितलं होतं, "मॅडम, लेकरू तं जेवलं ना जी, पन फोन म्हनते नाही जेवलं. आता मी कोनाचं आयकू?" नोंद वर जायला रेंज लागते, आणि रेंज होती गावाबाहेरच्या टेकडीवर. टेकडीवर जायचं तर केंद्र मदतनिसीवर सोडून जायचं. म्हणजे केंद्र चालू असल्याची नोंद करायला केंद्रातून उठून जायचं.

वर्गात हे मी नुसतं सांगत नाही, खेळ करून घेते. मुलांचे चार गट करते. तीन गट म्हणजे तीन गावांच्या सेविका. प्रत्येकीला त्याच दहा चिठ्ठ्या मिळतात. एका चिठ्ठीवर, आई तेलंगणात आणि मूल आजीपाशी. एकीवर, बाईचं नाव आधारवर वेगळं आणि रेशनकार्डावर वेगळं. आमच्याकडे पुंगाटी हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. एकीवर, आज तिसरा दिवस पूल पाण्याखाली. अशा दहा. पहिल्या गटाला समास असलेला कोरा तक्ता. दुसऱ्याला समास नसलेला. तिसऱ्यालाही समास नसलेला, शिवाय अट अशी की एकही रकाना रिकामा चालणार नाही, रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. चौथा गट म्हणजे जिल्ह्याचं ऑफिस. त्याच्याकडे फक्त बेरजा जातात. त्याने सांगायचं, साहेबांची गाडी कुठल्या गावी पाठवायची आणि खुलासा कुणाकडून मागवायचा.

तिसऱ्या गटाचा तक्ता दरवेळी सगळ्यात देखणा असतो. दहाही चिठ्ठ्या बसवलेल्या. मी विचारते, तेलंगणातल्या आईचं काय केलंत? "मॅडम, उपस्थित दाखवली. नाहीतर पुढे जात नव्हतं." कुणी त्यांना खोटं लिहायला सांगितलेलं नसतं. आणि चौथा गट गाडी पाठवतो पहिल्या गावी, खुलासाही तिच्याकडूनच मागवतो, कारण तिचे आकडे पडलेले असतात. समासात तिने सगळं लिहिलेलं असतं, पण बेरजेत समास येत नाही. एका वर्षी चौथ्या गटातली एक मुलगी उठली, वर्ग ओलांडून पहिल्या गटाकडे गेली आणि म्हणाली, "तुमचे आकडे एवढे कमी का आले?" बाकीचे ओरडले, हे नियमात नाही. मी म्हटलं, असा नियम मी कुठे सांगितला होता? चार वर्षांत असं एकदाच झालं.

यानंतर मी त्यांना आमच्या जिल्ह्याचाच इतिहास सांगते. 1989 साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया. त्यातल्या 92 टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तोवर सरकारी आरोग्यव्यवस्था बाईची नोंद घ्यायची ती गरोदर म्हणून, बाळंतीण म्हणून, नसबंदीची केस म्हणून. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, याला रकाना नव्हता. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला हा आजारच नव्हता. आपल्यातल्या ज्या मैत्रिणी आरोग्याच्या प्रश्नावर काम करतात त्यांना हे नवं नाही. पण व्यवस्थापनाच्या वर्गात याचा अर्थ वेगळा लागतो. संस्थेला जे मोजता येतं तेवढंच तिचं काम होऊन बसतं.

दुसरं उदाहरण 2001 चं. डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासोबतच्या संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी कागदांवर जेवढे बालमृत्यू होते त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त मुलं मरत होती हे त्यातून पुढे आलं. मुलं विचारतात, एवढे मृत्यू लपले कसे? आता तेच सांगतात मला उत्तर, कारण तासाभरापूर्वी त्यांनीच तेलंगणातल्या आईला हजर दाखवलेलं असतं. मृत्यू नोंदवला की नोटीस नोंदवणारीलाच येणार असेल, तर नोंदवेल कोण? कागदाच्या जमान्यातली ही गोष्ट आहे. म्हणजे दोष फोनचा नव्हे. खालच्या बाईवर विश्वास नसलेली संस्था कागद घेऊनही असंच वागते आणि फोन घेऊनही. फोनने फक्त वेग वाढतो.

रजिस्टरांचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही, हे पुन्हा सांगते. रोजगार हमीची मस्टरं आठवा. 1977 चा आपला राज्याचा कायदा, पुढे 2005 चा केंद्राचा. मस्टरवर मेलेली माणसं, गाव सोडून गेलेली माणसं कामावर दाखवलेली असायची. राजस्थानात 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावात मांडव घालून मस्टरं मोठ्याने वाचली, त्यातून माहितीचा अधिकार उभा राहिला आणि 2005 मध्ये देशभराचा कायदा झाला. केंद्राच्या त्या योजनेत जॉबकार्डाची, मजुरीची माहिती कॉम्प्युटरवर सगळ्यांना पाहता येत असे. कितीतरी गटांनी त्यावरून बोगस नावं पकडली. झुबॉफ बाई म्हणतात ती निवड हीच. तीच माहिती खाली वाचता आली. मग त्याच योजनेत 1 जानेवारी 2023 पासून हजेरीसाठी दिवसातून दोनदा कामावरचे फोटो ॲपवर चढवायची सक्ती झाली. त्यात मजुराने वाचावं असं काही नव्हतं. फोटो न चढला तर त्या दिवसाची मजुरी पाण्यात.

आता मधल्या थराचं. लेविट-व्हिस्लर म्हणाले होते मधला अधिकारी क्षीण होईल. आमच्याकडे मधल्या थरावर असते पर्यवेक्षिका, तीही बाईच. ती पूर्वी महिन्यातून एकदा येऊन केंद्रात बसायची, रजिस्टर उलटायची, समास वाचायची, रागवायचीही, आणि जाताना दोन गोष्टी शिकवून जायची. ती काही नाहीशी झाली नाही. तिच्या फोनवर रंग येतात, हिरवा, पिवळा, लाल, आणि ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिते, 'खालील केंद्रांची आजची नोंद झालेली नाही'. तिलाही वरून तेच आलेलं असतं. गावात जाण्याचा तिचा दिवस लाल केंद्रांच्या मागे फोन करण्यात जातो. मी मुलांना सांगते, पुस्तकात 'मधला थर कमी झाला' एवढंच लिहिलेलं असतं. इथे तो थर आहे, पगारही तोच आहे, फक्त कामातलं शिकवणं गेलं आणि तगादा उरला. हा परिणाम कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

हे सगळं पहिल्यांदा कुणी ओळखलं? सेविकांनीच. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. 'मोबाइल वापसी' म्हणून ते आंदोलन तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिलं असेल, काहीजणी त्यात असतीलही. फोनची क्षमता अपुरी, दुरुस्तीचा खर्च आपल्या खिशातून, ॲप इंग्रजीत. ट्रॅकरवर बहिष्कारही टाकला. वर्तमानपत्रांत बातमी अशी आली की सेविकांना तंत्रज्ञान नको आहे. मी वर्गात त्यांच्या मागण्या वाचून दाखवते आणि विचारते, तुम्हाला कंपनीने सिस्टीम तपासायला पाठवलं असतं तर अहवालात काय लिहिलं असतं? मुलं लिहून काढतात. ओळीने त्याच मागण्या येतात. फरक एवढाच की त्या अहवालाचे कंपनी पैसे घेते आणि सेविकांना कारवाईची धमकी मिळते.

इथे एक गोष्ट मुलांना खरोखर धक्का देते. ते विचारतात, मॅडम, यांचा पगार किती? मी सांगते, पगार नाही, मानधन. कागदोपत्री सेविका मानसेवी आहे. म्हणजे तेरा लाख शाखांची सगळी माहिती जी भरते ती संस्थेची कर्मचारीच नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. तरी महाराष्ट्रात 4 डिसेंबर 2023 पासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, दीड महिन्याहून जास्त संप करावा लागला, मानधन आणि ग्रॅच्युइटीसाठी. त्या दिवसांत माहितीचा झरा आटला. संस्थेचा आधार कोण आहे, हे तेव्हा वर कळायला हवं होतं.

आता बाईचा चेहरा. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची पद्धत केंद्राने सक्तीची केली. कारण दिलं गळती थांबवणं. गळती होते, नाकारत नाही. पण आमच्याकडचं एक सांगते. माडियांमध्ये पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात राहते, वस्तीपासून बाजूला. त्या प्रथेशी माझं भांडण आहे आणि ते मी गावात भांडते, तो आजचा विषय नाही. पण तोवर गावाने त्यातून वाट काढलेली असते. सासू, नणंद, शेजारीण, कुणीतरी तिच्या लेकराचं पाकीट घेऊन जाते, सेविका समासात खूण करते. आता नोंदलेला चेहरा आईचा. ती त्या दिवसांत केंद्राच्या दारात येणार नाही. सेविकेने फोन घेऊन कुर्माघरापाशी जावं, तर रेंज नाही. मग पाकीट द्यायचं की नाही द्यायचं, हे ठरवायची जबाबदारी कुणावर? दिलं तर हिशेब चुकला, नाही दिलं तर लेकराचा घास गेला. वर्गात हा प्रसंग मांडला की पोरं पटापट तोडगे सांगतात, दुसरा चेहरा नोंदवा, ओटीपी घ्या. त्यांना मी थांबवत नाही, तोडगे चांगलेच असतात. मग एवढंच विचारते, की हा तोडगा त्या सेविकेने कुणाला सांगायचा? तिच्या फोनमध्ये 'हे इथे चालत नाही' असं म्हणायची जागा कुठे आहे?

आणि हे जंगलापुरतं आहे असं समजू नका. लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली, 21 ते 65 वयाच्या स्त्रियांना महिना 1500 रुपये. तिचे फॉर्म भरले कुणी? बऱ्याच ठिकाणी सेविकांनीच, एका फॉर्ममागे 50 रुपयांच्या बोलीवर. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली, आणि त्यात विवाहितेला नवऱ्याच्या, अविवाहितेला वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली. पैसे बाईच्या खात्यात, किल्ली पुरुषाच्या फोनवर. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी दाखल्यांची वाट काढली गेली. पण टाकलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला ना घटस्फोटाचा हुकूम. नवरा जिवंत आहे, दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडून आहे, आणि त्याच्या फोनवर ओटीपी जाणार. संगमनेरला 1988 साली परित्यक्तांची परिषद झाली तेव्हापासून आपण म्हणतो आहोत की या बाईला वेगळं ओळखा. या पडद्यावर तिला पुन्हा एकदा नवऱ्याकडूनच यावं लागलं. माझ्या वर्गात एका मुलीने वही बंद केली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या आईचं हेच आहे." पुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

कुणाला वाटेल हे आपल्या देशातलं, गरिबांचं. म्हणून इंग्लंडच्या पोस्टाची गोष्ट सांगते. तिथे 1999 मध्ये पोस्टाच्या शाखांत होरायझन नावाची कॉम्प्युटर प्रणाली आली, फुजित्सु कंपनीची. प्रणालीतल्या चुकांमुळे हिशेबात तूट दिसू लागली. शाखा चालवणारे म्हणत, आम्ही पैसे घेतले नाहीत. पोस्ट म्हणे, कॉम्प्युटर दाखवतो आहे. 2015 पर्यंत नऊशेहून जास्त जणांना शिक्षा झाल्या. एक बाई गरोदर असताना तुरुंगात गेली. शेवटी 2019 मध्ये लंडनच्या कोर्टाने प्रणालीच सदोष होती असा निकाल दिला, आणि शिक्षा घाऊक रद्द करायला 2024 मध्ये कायदा करावा लागला. त्यात मला सगळ्यात ओळखीचं वाटलं ते एक वाक्य. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला फोनवर सांगितलं जाई, की असा त्रास होणारे तुम्ही एकटेच आहात. मैत्रिणींनो, चौकीत मार खाल्लेल्या बाईला आपण हेच ऐकताना पाहिलं आहे ना? बाकीच्या बायका नांदतातच की! ते पोस्टवाले एकत्र बसले, एकमेकांचे हिशेब ताडून पाहिले, तेव्हा कुठे खटला उभा राहिला.

जाता जाता आपल्याबद्दलही थोडं. आपल्यापैकी ज्या संस्था बाहेरून निधी घेतात त्यांच्याकडेही आता तिमाही तक्ते असतात. 'सक्षम झालेल्या महिलांची संख्या'. हा आकडा कसा काढतात हे मला या सभागृहातली कुणी सांगेल का? (हशा.) हसू नका, कार्यकर्ती रात्री बारा वाजता तो भरत असते. तिच्या गावभेटी कमी होऊन तक्ते वाढले असतील तर लेविटचा चौकोन आपल्या ऑफिसातही काढून पाहायला हरकत नाही. तिलाही समास हवा. आमच्या गटात दर महिन्याच्या अहवालाला एक कोरं पान जोडायचं ठरलं आहे, आणि बैठकीची सुरुवात त्या पानापासून होते. निधी देणाऱ्यांना ते पान नको असतं. आम्हाला हवं असतं.

मुलांच्या परीक्षेत हा धडा दहा मार्कांना असतो. माझे तीन तास त्यांना त्यासाठी फारसे कामाचे नाहीत, असं एकाने अभिप्रायात लिहिलं होतं. लिहू दे. पण मागच्या वर्षीची एक विद्यार्थिनी आता ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. तिने फोन करून विचारलं, की फॉर्ममध्ये 'इतर, लिहा' असा एक रकाना ठेवायला साहेब तयार नाहीत, कारण त्याची बेरीज होत नाही, तर त्यांना काय सांगू? आम्ही तासभर बोललो. तो रकाना राहिला की गेला ते तिने अजून कळवलेलं नाही.

माझं काम सोपं करायचं असेल तर एक करा. पुढचे तास जानेवारीत आहेत. तुमच्या तालुक्यातल्या सेविका, आशा, रेशनच्या रांगेतल्या बाया यांना ज्या ज्या ठिकाणी पडद्याने अडवलं, ते एका कागदावर लिहून पाठवा. नावं गावं नकोत. पडद्यावर काय मागितलं, बाईकडे काय होतं, आणि शेवटी वाट कुणी आणि कशी काढली, एवढं पुरे. माझ्या दहा चिठ्ठ्या सगळ्या भामरागडच्या आहेत. मेळघाटच्या हव्यात, यवतमाळच्या हव्यात, नागपूरच्या झोपडपट्टीतल्या तर हव्यातच. आणि तुमच्याजवळच्या गावात असं कॉलेज असेल तर तिथल्या प्राध्यापकांना भेटून तास मागा. ते सहसा नाही म्हणत नाहीत, उदाहरणांचा तुटवडा त्यांनाही आहे. कोरे तक्ते मी देते, मागच्या टेबलावर ठेवले आहेत.